शेरूला आत का नाही?
लोणारच्या काठावरची एक सकाळ

वाचकहो, आपल्या घरांत सहल म्हटली की दीक्षाभूमी, चैत्यभूमी, फार तर अजिंठा-वेरूळ एवढाच विचार होतो. त्यात वावगे काही नाही. पण आपल्याच जिल्ह्यात जगाने येऊन पाहावे असे एक ठिकाण आहे आणि ते आपल्यापैकी कित्येकांनी शाळेच्या सहलीनंतर पुन्हा पाहिलेले नसते. आम्हीही त्यातलेच. कचेरीतली नोकरी आणि संध्याकाळी समाजाचे काम यांत मुलांना वेळ देणे राहून जाते. गेल्या हिवाळ्यात दोन सुट्ट्या जोडून आल्या, तेव्हा ठरवले की या वेळी मीटिंग नाही, वर्गणी नाही. मुलांना घेऊन लोणारला बहिणीकडे जायचे.

बहिणीच्या घरी शेरू नावाचा कुत्रा आहे. जात-कूळ काही नाही, गल्लीतलाच. पिल्लू असताना पावसात भिजत दारात आला आणि राहिला. आमची धाकटी दहा वर्षांची. तिचे आणि शेरूचे पहिल्याच दिवशी असे जमले की, ताटातली अर्धी भाकर कोणाच्या पोटात जाते यावरून सौ.ची आणि तिची बोलाचाली झाली. रात्री झोपताना तिने फर्मान काढले, "बाबा, उद्या तळं पाहायला शेरू पण येईन."

आम्ही "बरं" म्हणालो. मुलांना झोपेच्या वेळी दिलेले शब्द किती महागात पडतात हे दुसऱ्या दिवशी कळले.

पडक्या देवळांचे गाव

सकाळी साडेसहाला निघालो. पुढे शेरू, त्याच्या पट्ट्याला बांधलेली दोरी धाकटीच्या हातात, मागे तिचा भाऊ, सौ., बहीण आणि आम्ही. लोणारमध्ये फिरण्याची मौज अशी की, गावातून नुसते चालत गेले तरी सात-आठशे वर्षे पायाखालून जातात. कुठे कोरलेला खांब, कुठे बारवेच्या पायऱ्या, कुठे देवळाचा नुसता चौथरा.

गावातच दैत्यसूदनाचे मंदिर आहे. काळ्या दगडाचे, बाहेरून कोनाकोनांचे, चांदणीसारख्या आराखड्याचे. बाहेरच्या भिंतीवर मूर्तींच्या ओळी आहेत, आतले छतही कोरीव आहे. लोणासुर नावाच्या दैत्याला विष्णूने मारले अशी कथा सांगतात. गावाचे नावही त्याच्याशी जोडतात. आम्ही पडलो बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेले. कथा कथेच्या जागी. पण दगड कोणी फोडला, कोणी वाहिला, कोणी घडवला, हा प्रश्न आम्हाला अशा ठिकाणी नेहमी पडतो. त्या माणसांची नावे कुठेच कोरलेली नसतात. चुना न वापरता दगडात दगड बसवण्याच्या या पद्धतीला आपल्याकडे हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा १३व्या शतकातला यादवांचा मंत्री. त्याच्या नावावर सगळे बांधकाम जमा झाले आणि पाथरवटाच्या नावाचा रकाना कोराच राहिला. आम्ही कारकून माणूस, त्यामुळे असा कोरा रकाना डोळ्याला लगेच दिसतो.

धाकटीला आत जायचे होते, तेव्हा शेरूला घेऊन बहीण बाहेर थांबली. त्याबद्दल कोणी काही म्हटले नाही. पुरातन वास्तूत कुत्रा नेऊ नये एवढे तिलाही समजले.

धारेपाशी

तिथून चालत धारेवर आलो. धार म्हणजे खळग्याच्या काठावरचा जिवंत झरा. गोमुखातून बारा महिने पाणी पडते. आजूबाजूला जुनी देवळे आहेत, ओवऱ्या आहेत, आंघोळ करणाऱ्यांची वर्दळ असते. आणि तिथे उभे राहिले की समोर एकाएकी जमीन संपते.

शाळेत असताना पाहिलेले असूनही आम्ही दोन मिनिटे बोललो नाही. जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खळगा, कडेपासून तळ्यापर्यंत सुमारे १५० मीटर खोल. उतारावर झाडी, तळाशी हिरवट पाणी, आणि झाडीतून डोके काढणारी पडकी देवळे. आपल्या वऱ्हाडचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. त्यावर आकाशातून एक प्रचंड अशनी येऊन आदळली आणि क्षणात हा खळगा झाला. तो कधी झाला, याबद्दल दोन मोजण्या आहेत. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येतात, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. पूर्वी तो ज्वालामुखीचे तोंड समजला जाई. पण इथल्या दगडात मास्केलिनाइट हा पदार्थ सापडला, जो जबर आघातानेच तयार होतो. १९७३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. चंद्रावरचे कित्येक खळगेही लाव्हाच्या दगडात आहेत, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारच्या दगडांकडे वळतात.

थोरला वहीत हे लिहून घेत होता. धाकटीचे लक्ष नव्हते. कडेच्या एका खोलगटात साचलेले पाणी शेरू लपलप पीत होता आणि ती त्याच्याजवळ उकिडवी बसली होती. आंघोळीला आलेली माणसे शेजारून जात होती. कोणी हाडहूड केले नाही.

आम्हाला आमची आजी आठवली. तिच्या गावातल्या आडाजवळ जनावरांसाठी दगडाची डोण होती. ती सांगायची, "कुत्रं डोणीत पानी पिऊन जाये, अन् आमी घागर घेऊन उभ्या राहो. कोनी वरून वतंन तवा घ्यावं." हे सांगताना आजी रडायची नाही. तिला ते रोजचे होते. ऐकताना आमच्या वडिलांचे डोळे मात्र भरून येत. महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्यामांजरांना बंदी नव्हती, माणसाला होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात झाला, तरीही ते तळे खुले झाले नाही. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे. एका ओंजळीसाठी!

फाटकावरचा प्रश्न

धारेपासून खाली तळ्याकडे पायवाट उतरते. तिथे वनखात्याची पाटी आहे. आम्ही वळलो तशी एका वनकर्मचाऱ्याने हात आडवा केला.

"साहेब, तुम्ही जा. कुत्रं आत नेता येणार नाही."

वाचकहो, खरे सांगतो, आमचे डोके फिरले. वीस वर्षे आम्ही "आत येता येणार नाही" म्हणणाऱ्यांशीच भांडत आलो. त्यामुळे हात आडवा झाला की तोंडातून पहिला शब्द आपोआप निघतो, "कोणत्या नियमाने? लेखी दाखवा." तसाच तो निघाला. सौ.ने आमची बाही ओढली.

आणि मागून धाकटीचा आवाज आला, "काहून नाही? शेरू काय अस्पृश्य आहे?"

जवळची दोन-तीन माणसे हसली. आम्हाला हसू आले नाही. ज्या पोरीने तो जुना आड पाहिलेला नाही, तिच्या तोंडी तो शब्द इतक्या सहज यावा! घरात बाबासाहेबांचे चरित्र वाचले जाते, त्यातून तो आला हे उघड होते. पण तिने तो चुकीच्या जागी वापरला होता की बरोबर, हे आम्हालाही त्या क्षणी सांगता आले नसते.

तो कर्मचारी तरुण होता, खाकी कपड्यांतला. रागावला नाही. धाकटीसमोर खाली बसला आणि म्हणाला, "तुझा शेरू वाईट नाही गं. पण आत मोर आहेत, लांडोर जमिनीवर अंडी घालते. वानरं आहेत, हरणं आहेत, बिबट्यापण आहे. यानं नुसता वास घेतला, एकदा भुंकला, तरी ते पळतात. अन् याच्या अंगावर रोग असला तर तो त्यांना लागतो. त्यांना दवाखाना नाही."

धाकटीने विचारले, "साहेबांचं कुत्रं येतं का आत?"

"कोणाचंच नाही."

तिने थोडा विचार केला आणि दोरी हातात घट्ट धरून म्हणाली, "तरी शेरू नाही तर मी पण नाही." आणि पायरीवर बसली. घरात सत्याग्रहाच्या गोष्टी सांगितल्या की एक दिवस त्या आपल्याच दारात येऊन बसतात. थोरला, सौ. आणि बहीण खाली गेले. आम्ही लेकीबरोबर वर राहिलो.

काठावरचा हिशेब

तास-दीड तास आम्ही तिघे, म्हणजे धाकटी, शेरू आणि आम्ही, गावाच्या बाजूच्या रस्त्याने हळूहळू फिरलो. एका पडक्या चौथऱ्यावर ऊन खात बसलो. शेरूने जीभ बाहेर काढून खाली पाहिले, जणू खळगा त्याच्याच मालकीचा. आम्ही मनात हिशेब मांडला आणि तो लेकीला समजेल अशा भाषेत सांगू लागलो.

पहिला प्रश्न, ही बंदी कोणाला वाचवण्यासाठी? आजीच्या आडावरची बंदी पाणी वाचवण्यासाठी नव्हती, कारण कुत्रे पीत होतेच. ती काही माणसांचा मोठेपणा वाचवण्यासाठी होती. इथली बंदी ज्यांना तक्रार करता येत नाही त्यांच्यासाठी आहे. तो तरुण रोगाबद्दल बोलला त्यात अतिशयोक्ती नव्हती. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा विषाणूचा रोग होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगाने सुमारे हजार सिंह मेले. तो आजूबाजूच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांकडून आल्याचे मानतात. २०१८ मध्ये आपल्या गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या कित्येकांत हाच विषाणू सापडला. आपल्या जिल्ह्यालाही हे परके नाही. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ हजार किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. एवढा चालून आलेला जीव एखाद्या आजारी कुत्र्याच्या उष्ट्याने मरावा काय?

दुसरा प्रश्न, बंदी सर्वांना सारखी आहे काय? तो धाकटीने आमच्याआधीच विचारला होता. इथे आम्ही तिला कुक्कुर जातकाची गोष्ट सांगितली. राजाच्या रथाचे चामडे पावसात भिजले आणि रात्री वाड्यातल्याच कुत्र्यांनी ते कुरतडले. राजाने हुकूम सोडला, नगरातली कुत्री मारा. वाड्यातली तेवढी सोडा. तेव्हा मसणवट्यात राहणाऱ्या कुत्र्यांचा मुख्य, जो बोधिसत्त्व होता, तो थेट दरबारात गेला आणि विचारता झाला, की गुन्हा कोणाचा याचा तपास न करता दुबळ्यांना मारायचे आणि घरच्यांना सोडायचे, हा न्याय कसा? त्याने वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ चारायला सांगितले. त्यांनी चामड्याचे तुकडे ओकले आणि खरे बाहेर आले. राजाने आपली चूक मान्य केली. धाकटी म्हणाली, "म्हणजे साहेबांचं कुत्रं आत सोडलं, तर आपण भांडायचं." आम्ही म्हणालो, "तर जरूर भांडायचं. आम्हीही येऊ."

तिसरा प्रश्न, बंदीचे कारण सांगता येते काय? आजीला कोणी कधी कारण सांगितले नाही. विचारायचीच सोय नव्हती. इथे एका माणसाने दहा वर्षांच्या पोरीपुढे खाली बसून कारण सांगितले. आम्ही मात्र ऐकण्याआधीच आवाज चढवला होता. त्याची खंत वाटली. जिथे अन्याय आहे तिथे हात आडवा करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारल्यावर उत्तर ऐकण्याचीही सवय हवी.

आणि गंमत पाहा, दोन्ही गोष्टी आपल्या संविधानातच आहेत. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांपासून धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही, हे अनुच्छेद १५ मध्ये आहे. आणि वने, सरोवरे, नद्या, वन्य जीव यांचे रक्षण करावे, प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगावी, हे नागरिकाचे कर्तव्य अनुच्छेद ५१-क मध्ये आहे; ते १९७६ च्या घटनादुरुस्तीने आले. पहिले कलम आम्हाला तोंडपाठ. दुसरे आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. पाणातिपाता वेरमणी रोज म्हणणाऱ्याला ते वेगळे सांगावे लागू नये, पण लागले.

दुसऱ्या दिवशी, शेरूशिवाय

त्या दिवशी धाकटी खाली गेली नाही. आम्ही आग्रह केला नाही. रात्री तिने आत्याला सांगितले, "शेरूला उद्या घरी ठेवू. लांडोरीचे पिल्लं घाबरतीन." दुसऱ्या सकाळी ती स्वतः आमचे बोट धरून निघाली. फाटकावर तोच तरुण होता. त्याने विचारले, "शेरू?" ती म्हणाली, "त्याला समजावलं."

खाली उतरताना वाट दगडांची आहे. झाडीत आणि तळ्याच्या काठाने पडकी देवळे लागतात. रामगया, शंकर-गणेश, वाघ महादेव, मोर महादेव, अंबरखाना अशी त्यांची नावे. कुठे छत खाली आलेले, कुठे भिंतीतून झाडाचे मूळ निघालेले. वटवाघळांचा वास येतो. काठाजवळचे कमळजादेवीचे मंदिर मात्र पूजेतले आहे. पडक्या भिंतीवर मुंगसाने आणि मोराने हक्क सांगितलेला पाहून धाकटी म्हणाली, "आता हे त्यांचं घर."

तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. झऱ्यांचे गोड पाणी आणि पावसाचे पाणी आत येते, उन्हाने उडून जाते, आणि क्षार मागे राहतात. म्हणून पाणी खारे आणि सोड्यासारखे बुळबुळीत. १६व्या शतकातल्या ‘आइन-ए-अकबरी’तही इथल्या साबण आणि काचेच्या कच्च्या मालाचा उल्लेख आहे. जून २०२० मध्ये याच तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा नाना अफवा उठल्या होत्या. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासणी केली आणि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचे दाखवले. चमत्कार म्हणून हात जोडण्यापेक्षा बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवणे बरे, हे त्या निमित्ताने पुन्हा सिद्ध झाले. हा परिसर २००० पासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, गेला.

परत वर येताना एक मोर वाटेवर आडवा आला. दहा पावलांवर. थांबला, आमच्याकडे पाहिले आणि सावकाश झाडीत शिरला. धाकटीने श्वास रोखला होता. वर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "शेरू असता तर तो पळाला असता."

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

कुटुंबासह जाणाऱ्यांनी हिवाळ्यात, सकाळी लवकर जावे. उन्हाळ्यात काळा दगड तव्यासारखा तापतो. माणसाच्या पायात चप्पल असते, कुत्र्याच्या पायात नसते. आपल्या हाताचा पंजा दगडावर ठेवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

कुत्रा बरोबर असेल तर तो गावातल्या रस्त्यांपुरता ठेवावा, पट्टा-दोरी सोडू नये. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे माणसालाही परवानगीनेच जाता येते. म्हणून घरातल्या एकाने बाहेर थांबावे, आणि थांबणारी दर वेळी घरातली बाईच असू नये. आलटूनपालटून थांबावे. आमच्या बहिणीने पहिल्या दिवशी देवळाबाहेर दोरी धरली, हे आमच्या लक्षात उशिरा आले.

प्यायचे पाणी आपले आपण न्यावे, कुत्र्याचेही. तळ्याचे पाणी त्याला पिऊ देऊ नये. त्याला रेबीजची आणि डिस्टेंपरची लस जनावरांच्या दवाखान्यातून वेळेवर टोचून घ्यावी. कुत्रा चावला तर मिरची-हळद-चुना लावत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. मंत्र-गंड्यात गेलेला दिवस जीव घेतो.

देवळांच्या दगडांवर नावे कोरू नयेत. ज्यांनी ती देवळे घडवली त्यांनी स्वतःची नावे कोरली नाहीत. आपण कशाला कोरावीत?

निघताना धाकटीने शेरूच्या गळ्याला मिठी मारली आणि त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितले. बहीण म्हणाली, "काय सांगितलं गं?" ती म्हणाली, "आतमध्ये काय काय आहे ते."

आमची आजी आज असती तर तिला आम्ही धारेवर नेले असते. गोमुखाखाली स्वतःच्या हाताने तिची घागर भरून दिली असती, आणि शेरू शेजारच्या खोलगटात पाणी पीत असता. दोघांनाही कोणी अडवले नसते. तेवढे आपण मिळवले आहे. आता खालच्या मोरांसाठी फाटकावर थांबायला शिकायचे आहे.

जयभीम.